बंद पार्सल, रोख पैसे

बार्शीला माझी आत्या राहते. वय ६८, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली. दर महिन्याला पासबुक भरून आणणारी, भाजीवाल्याने परत दिलेले सुटे पैसे दोनदा मोजणारी बाई. मागच्या श्रावणात तिला फोनवर एक जाहिरात दिसली. येवल्याची पैठणी, पदरावर मोर, किंमत १,२९९ रुपये, विणकरांकडे पडून राहिलेला माल संपवायचा आहे म्हणून सवलत. आधी काही भरायचं नव्हतं, पार्सल दारात आल्यावर पैसे द्यायचे होते. त्यामुळे यात फसण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नाही. नवव्या दिवशी पार्सल आलं तेव्हा ती कात्री घेऊनच दारात गेली. डिलिव्हरीवाला मुलगा म्हणाला, "काकू, उघडता येत नाही, आधी पैसे." तिने दिले. आत निघाला विटलेल्या पॉलिस्टरचा तुकडा, नेसायला पुरणार नाही इतका आखूड. मुलगा तोवर पुढच्या गल्लीत गेला होता. तिने जाहिरातीच्या पानावर संदेश पाठवला, आणि त्या पानाने तिला ब्लॉक केलं.

हे सगळं तिने आम्हाला सांगितलं दोन महिन्यांनी, दिवाळीत, तेही माझ्या बायकोने साडीचा विषय काढला म्हणून. "तुम्ही म्हणाल, म्हातारपणी हिला काय अवदसा आठवली," असं म्हणून तिने विषय संपवायचा प्रयत्न केला. मला त्या १,२९९ रुपयांपेक्षा या दोन महिन्यांचा जास्त त्रास होतो. आयुष्यभर चौथीच्या पोरांना हिशेब शिकवलेली बाई दोन महिने स्वतःला मूर्ख समजत राहिली. तिच्यासारखी माणसं गप्प बसतात म्हणून ते पान नाव बदलून पुन्हा उघडतं आणि पुढच्या श्रावणात दुसऱ्या कुणाच्या आत्याला तीच साडी दाखवतं.

केंद्र सरकारने लोकसभेत दिलेल्या आकड्यांनुसार २०२४ या एका वर्षात देशातल्या नागरिकांनी सायबर आर्थिक फसवणुकीत सुमारे २२,८४५ कोटी रुपये गमावले. आदल्या वर्षी हाच आकडा सुमारे ७,४६५ कोटी होता. यात गुंतवणुकीच्या आमिषापासून डिजिटल अटकेपर्यंत सगळं येतं, खरेदीतली फसवणूक हा त्यातला एक भाग. पण हे तक्रार झालेले पैसे आहेत. आत्यासारख्यांचे पैसे यात येतच नाहीत, कारण ते तक्रार करत नाहीत.

या विषयावर बँका, पोलीस, वर्तमानपत्रं, सगळे आपल्याला एकच गोष्ट सांगतात: सावध राहा. सल्ला खोटा नाही, आणि पुढे मीही सावधगिरीच्या काही गोष्टी सांगणार आहे. पण या व्यवहारात कुणाला काय माहीत होतं ते एकदा पाहू. जाहिरात दाखवणाऱ्या कंपनीला जाहिरातीचे पैसे कुठल्या खात्यातून आले ते माहीत होतं. कुरिअर कंपनीला पार्सल कुठल्या पत्त्यावरून उचललं, वसूल केलेली रक्कम कुठल्या खात्यात टाकायची आणि या विक्रेत्याबद्दल आधी किती तक्रारी आल्या, हे माहीत होतं. ज्या बँकेत ते खातं होतं, तिच्याकडे खातेदाराची ओळखपत्रं होती. आत्याकडे होता फक्त एक फोटो. ज्याला सगळ्यात कमी माहिती आहे त्याच्यावर सगळी जबाबदारी टाकायची, आणि ज्यांच्याकडे सगळी माहिती आहे ते प्रत्येक पार्सलमागे आपापले पैसे घेऊन मोकळे, ही रचनाच चुकीची आहे. ती बदलेपर्यंत सावधगिरीच्या उपदेशाने ही फसवणूक थांबणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

आणि ती बदलणं अवघड आहे असंही नाही, कारण हा प्रश्न आपल्या देशाने एकदा सोडवला होता. घरपोच माल आणि दारात पैसे ही पद्धत ॲपवाल्यांनी आणलेली नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात पुस्तकं, औषधं, घड्याळं व्हीपीने, म्हणजे 'व्हॅल्यू पेएबल' टपालाने, यायची. पोस्टमन पार्सल आणायचा, आपण रक्कम द्यायची, पोस्ट ती मनीऑर्डरने पाठवणाऱ्याला पोचवायचं. तेव्हाही लबाड लोक होतेच. पार्सलमधून भलतंच काहीतरी निघायचं, कुणी न मागवलेलं पार्सल घरी यायचं आणि घरच्या माणसांना वाटायचं, मालकांनीच मागवलं असेल. म्हणून १८९८ च्या टपाल कायद्याच्या ३५ व्या कलमात सरकारला नियम करण्याचे जे अधिकार दिले होते, त्यांतले दोन आज मुद्दाम वाचावेत असे आहेत. एक, खऱ्या मागणीवरूनच वस्तू पाठवत आहे असं पाठवणाऱ्याने लिहून दिल्याशिवाय व्हीपी स्वीकारायची नाही. दुसरा, फसवणूक झाली असेल तर वसूल केलेली रक्कम पोस्टाने अडवून ठेवायची आणि पत्तेदाराला परत करायची.

कायदा गोऱ्या साहेबाचा होता, रयतेच्या प्रेमापोटी केलेला नव्हता. पण त्यात एक साधी समज होती. पैसा ज्याच्या हातून जातो त्याला तो थांबवता येतो, म्हणून थांबवण्याची तरतूद त्याच्याकडेच हवी. त्या कायद्याची जागा आता २०२३ च्या नव्या टपाल कायद्याने घेतली आहे. दरम्यान दारात पैसे घेण्याचा बहुतेक धंदा पोस्टाकडून खासगी कुरिअरकडे गेला. धंदा कुरिअरकडे गेला, ही समज मात्र त्याच्याबरोबर तिकडे पोचली नाही. आजही आत्यासारख्या घरांत पार्सल येतं, मुलगा-सून कामावर असतात, "तुमच्या सुनेने मागवलंय" असं सांगितलं जातं आणि आजी कपाटातून पैसे काढून देतात. सव्वाशे वर्षांपूर्वीची फसवणूक जशीच्या तशी आहे, तिच्यावरचा उपाय तेवढा नाहीसा झाला.

एक गोष्ट ग्राहकांना सहसा ठाऊक नसते. दारात दिलेले पैसे त्याच संध्याकाळी विक्रेत्याच्या हातात पडत नाहीत. ते आधी कुरिअरच्या हबमध्ये जमा होतात आणि ठरलेल्या दिवशी हिशेब होऊन विक्रेत्याच्या खात्यात जातात. म्हणजे आत्या तो तुकडा हातात धरून बसली होती तेव्हा तिचे पैसे अजून कुरिअर कंपनीकडेच होते. 'पार्सल उघडलं, माल वेगळा आहे, पैसे थांबवा' असं सांगायला लेबलवर एक नंबर असता आणि तो ऐकणं कंपनीला बंधनकारक असतं, तर ही गोष्ट तिथेच संपली असती. दारात घेतलेली रक्कम किमान सात दिवस विक्रेत्याला द्यायची नाही आणि या काळात तक्रार आली तर निकाल लागेपर्यंत ती अडवून ठेवायची, एवढा एक नियम माझ्या मते हजार जागृती मोहिमांपेक्षा जास्त काम करेल. कारण चोरट्याचं सगळं गणित पैसे पटकन काढून घेऊन पान बंद करण्यावर चालतं.

आधीच भरलेल्या पैशांसाठी तर हे तत्त्व रिझर्व्ह बँकेने मान्यच केलेलं आहे. ग्राहक आणि दुकान यांच्यामध्ये पैसे हाताळणाऱ्या पेमेंट ॲग्रिगेटर कंपन्यांसाठी मार्च २०२० मध्ये ज्या सूचना निघाल्या, त्यांत ग्राहकाचे पैसे वेगळ्या एस्क्रो खात्यात, म्हणजे दुकानाला देईपर्यंत राखून ठेवायच्या खात्यात, ठेवायला सांगितलं होतं. परताव्याची मुदत संपेपर्यंत रक्कम थांबवून ठेवायची, असा करार असेल तर त्याचीही सोय तिथे होती. तिथे जे चालतं ते रोखीच्या पार्सलला का चालू नये, याचं समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

आता पार्सल उघडण्याचा मुद्दा. कुरिअरवाले म्हणतात, मुलांना दिवसात शंभरएक पार्सलं पोचवायची असतात, प्रत्येक दारात दहा मिनिटं गेली तर धंदा बसेल. हे खोटं नाही. त्या मुलांना पार्सलमागे पैसे मिळतात, आणि आत्याच्या दारातला मुलगा तिच्याइतकाच हतबल होता. ग्राहकही फसवतात, हेही खरं आहे. नवा मोबाइल काढून घेऊन डब्यात साबणाची वडी परत करणारे लोक आहेत, चार ठिकाणी ऑर्डर देऊन तीन पार्सलं दारातून परत पाठवणारे आहेत. या नुकसानीने छोटा विक्रेता मेटाकुटीला येतो. पण महागड्या फोनच्या बाबतीत याच कंपन्या 'ओपन बॉक्स' डिलिव्हरी देतात, डबा उघडून दाखवतात आणि मगच ओटीपी घेतात. तिथे वेळ मिळतो, कारण तिथे नुकसान कंपनीचं होणार असतं. १,२९९ रुपयांच्या साडीत नुकसान आत्याचं होतं. उघडायला वेळ नसेल तर पैसे थांबवा, पैसे थांबवायचे नसतील तर उघडू द्या. दोन्हींतलं एक तरी ग्राहकाच्या पदरात पडलंच पाहिजे.

जाहिरातीकडे वळू, कारण साखळी तिथून सुरू होते. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२५ मध्ये मेटा कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांवरून एक बातमी दिली. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप या कंपनीचे. २०२४ च्या उत्पन्नापैकी सुमारे १० टक्के, म्हणजे १६ अब्ज डॉलर, फसव्या योजनांच्या आणि बंदी असलेल्या मालाच्या जाहिरातींतून येतील, असा कंपनीचाच अंदाज त्या कागदांत होता. जाहिरातदार लबाड असल्याची किमान ९५ टक्के खात्री झाली तरच त्याला बंद करायचं, त्याहून कमी संशय असेल तर त्याच्याकडून जाहिरातीचा जास्त दर घ्यायचा, असं धोरणही त्यात नोंदलेलं होतं. कंपनीने हा अंदाज ढोबळ आणि गरजेपेक्षा जास्त व्यापक असल्याचं सांगितलं. तो निम्मा धरला तरी माझा प्रश्न उरतोच. संशयित माणसाकडून जास्त पैसे घेऊन त्याची जाहिरात माझ्या आत्याला दाखवणं याला मध्यस्थी कसं म्हणायचं?

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ अशा मध्यस्थांना संरक्षण देतं. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराबद्दल मंचाला दोषी धरू नये, हा त्यामागचा विचार योग्यच आहे. तो नसता तर सामान्य माणसाला समाजमाध्यमांवर चार ओळी लिहिणंही कठीण झालं असतं. पण कुणीतरी फुकट लिहिलेली पोस्ट आणि पैसे घेऊन, वय-गाव-आवड पाहून, नेमक्या माणसासमोर ठेवलेली जाहिरात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गावात मंगल कार्यालय सेलसाठी भाड्याने द्यायचं तरी मालक भाडेकरूचा कागद मागून घेतो. भारतात विक्रीची जाहिरात करणाऱ्या प्रत्येकाची ओळख पटवून घेणं आणि त्याचं खरं नाव-पत्ता जाहिरातीवरच दाखवणं हे कायद्याने सक्तीचं व्हायला हवं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी बाजारपेठ चालवणाऱ्या कंपन्यांना विक्रेत्याचं नाव आणि पत्ता दाखवायला लावलं आहे. तक्रार अधिकारी नेमणं, ४८ तासांत तक्रारीची पोच देणं आणि महिन्याभरात निवारण करणं त्यांना बंधनकारक आहे. आत्याची साडी अशा बाजारपेठेतून आलीच नव्हती. ती आली जाहिरातीतून, आणि जाहिरात दाखवणारा स्वतःला बाजारपेठ मानत नाही.

बँकांच्या बाबतीतही अशीच एक फट आहे. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमाप्रमाणे तुमच्या खात्यातून तुमच्या परवानगीविना पैसे गेले, चूक तुमची नसली आणि तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तर तुमची जबाबदारी शून्य. पण खरेदीच्या फसवणुकीत पिन आपणच टाकतो. खोट्या दुकानाला पैसे आपल्याच हाताने गेले, म्हणून तो व्यवहार 'अनधिकृत' ठरत नाही. खिसा कापला तर संरक्षण, थाप मारून पैसे काढून घेतले तर नाही. ब्रिटनने ७ ऑक्टोबर २०२४ पासून ही फट बुजवायला सुरुवात केली. तिथे फसवून बँक खात्यातून पाठवायला लावलेले पैसे ८५,००० पौंडांपर्यंत परत द्यावे लागतात, आणि तो भार पाठवणारी बँक आणि चोराचं खातं असलेली बँक निम्मा-निम्मा उचलतात. मला यातला दुसरा भाग फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे कॉलेजच्या पोरांची, मजुरांची खाती चार-पाच हजारांत भाड्याने घेतली जातात आणि चोरीचे पैसे त्यांतून फिरवले जातात. असं खातं उघडू देणाऱ्या बँकेच्या ताळेबंदाला त्याची झळ बसली, तर तिचं लक्ष आपोआप तिकडे जाईल.

यावर एक आक्षेप येतो: भरपाई मिळणार म्हटल्यावर लोक बेफिकीर होतील. विमा आहे म्हणून कुणी गाडी झाडावर घालत नाही. आणि फसलेल्या माणसाला ज्याने पाहिलं आहे, तो असं म्हणणार नाही.

हे सगळं व्हायला वेळ लागेल, आणि तोवर खरेदी करायची तर आहेच. म्हणून आत्याला आणि तिच्या भिशीच्या मैत्रिणींना मी जे सांगितलं ते इथेही सांगतो. जाहिरातीवर बोट दाबून खरेदी करायची नाही. वस्तू आवडली तर दुकानाचं नाव वेगळं शोधायचं, पत्ता आणि लँडलाइन आहे का ते बघायचं. जीएसटी क्रमांक असेल तर तो सरकारच्या जीएसटी पोर्टलवर टाकून पाहता येतो, पैसे लागत नाहीत. पहिले दोन अंक राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०, गुजरातचे २४. आपण येवल्याचे विणकर आहोत असं सांगणाऱ्याचा क्रमांक दुसऱ्याच राज्याचा निघाला तर तिथेच थांबावं. छोट्या बचत गटाकडे हा क्रमांक नसेल, पण त्यांच्या ताईशी फोनवर पाच मिनिटं बोलता येतं, आणि खोट्या पानामागचा माणूस नेमकं तेच टाळतो. पैठणीपुरतं सांगायचं तर हातमागावर एक साडी विणायला दिवस नव्हे, आठवडे जातात. १,२९९ रुपयांत तिचं रेशीमही येत नाही.

वेबसाइटचा पत्ता वाचताना https:// नंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेआधी जे शेवटचं डॉट कॉम किंवा डॉट इन येतं, त्याच्या लगेच डावीकडचा शब्द वाचायचा. ओळखीच्या कंपनीचं नाव पत्त्यात दुसरीकडे कुठेही असलं तर त्याला अर्थ नाही. कुलपाच्या चिन्हावरही जाऊ नका. मधला रस्ता सुरक्षित आहे एवढंच ते सांगतं, समोरचा माणूस प्रामाणिक आहे हे नाही. लोकांचा हाच गैरसमज होत होता म्हणून गूगलने २०२३ मध्ये क्रोममधून ते चिन्ह काढून टाकलं. 'शेवटच्या तीन साड्या', 'दहा मिनिटं शिल्लक' अशी खोटी घाई लावणं हा २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार अनुचित व्यापार आहे, हेही माहीत असू द्या. घड्याळ उलटं धावताना दिसलं की पान बंद करा.

अनोळखी दुकानाला शक्यतो क्रेडिट कार्डाने पैसे द्यावेत, कारण माल आला नाही तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे परत, मागता येतो. यूपीआयने देणार असाल तर पैसे जाण्याआधी स्क्रीनवर समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नाव दिसतं, ते वाचा. साडी सेंटरच्या जागी कुणा भलत्याच माणसाचं नाव दिसलं तर पिन टाकू नका. पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच नाही. 'रिफंडसाठी क्यूआर स्कॅन करा' म्हणणारा प्रत्येक जण चोर आहे. कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका, कंपनीच्या ॲपमधूनच घ्या. 'पत्ता अपूर्ण आहे, चोवीस तासांत लिंकवर भरा' असा पोस्टाच्या नावाने आलेला एसएमएस पुसून टाका. न मागवलेल्या पार्सलचा ओटीपी, ते रद्द करण्यासाठीसुद्धा, कुणाला सांगू नका. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, तर उघडायचीच नाही. घरात एक नियम करा: ज्याने मागवलं त्याने फोनवर होकार दिल्याशिवाय रोखीचं पार्सल घ्यायचं नाही.

आणि फसलात, तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पैसे खात्याखात्यांतून पुढे सरकत असतात, पहिल्या तासात ते गोठवले जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त. रोख दिली असेल तर कुरिअर कंपनीला ट्रॅकिंग नंबर टाकून लगेच ईमेल करा, ही रक्कम विक्रेत्याला देऊ नका म्हणून. नियम नसला तरी लेखी सूचना मिळाल्यावरही पैसे सोडले, हे पुढे ग्राहक आयोगात दाखवता येतं. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते, विक्रेता कुठलाही असो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील लागत नाही, ऑनलाइनही दाखल होते.

आत्याने तो तुकडा आणि पिशवी दोन्ही ठेवलं होतं, ट्रंकेत, तळाशी. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पिशवीवरचं लेबल खिडकीत धरून वाचलं. पाठवणाऱ्याच्या जागी एका गोदामाचा पत्ता होता, ट्रॅकिंग नंबर शाबूत होता. मी म्हणालो, "आता उशीर झालाय, पैसे मिळतील असं नाही." ती म्हणाली, "मिळू देत नाहीतर नको. तू लिही, मी सही करते." तक्रार तिच्या नावाने दाखल केली आहे, आणि भिशीत तिने स्वतःहून सगळ्यांना सांगितलं. त्या बारा जणींपैकी तिघींच्या कपाटात असंच एकेक पार्सल निघालं.